कच्चं फुटेज

आमच्या स्टुडिओत शूटिंग नवरा करतो आणि एडिटिंग मी. आष्टीत बाजाराच्या रस्त्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत काउंटर, पासपोर्ट फोटोचा पडदा आणि भिंतीवर नवरा-नवरीचे मोठे फोटो. मागच्या खोलीत मी, कॉम्प्युटर, कूलर आणि उजेड येऊ नये म्हणून काळा कागद चिकटवलेली खिडकी. लग्नांना मी सहसा जात नाही. पण तालुक्यातल्या कितीतरी घरांची लग्नं मी अशी पाहिली आहेत, जशी त्या घरच्यांनीही पाहिली नसतील. कोणाचा मामा जेवणावरून रुसला, कोणती काकू रडता रडता साडीची घडी नीट करत होती, सगळं मला ठाऊक असतं. बाजारात भाजी घेताना शेजारी एखादी बाई येऊन उभी राहते आणि मला तिची हळद आठवते. तिला मी कोण हेही माहीत नसतं.

मागच्या उन्हाळ्यात आमची जुनी हार्ड डिस्क आवाज करायला लागली. टक, टक. मग थोडं थांबून पुन्हा टक. बंद दारावर कोणी नखानं वाजवावं तसा. फोल्डर उघडायला वेळ लागायचा, कधी उघडायचंच नाही. वर्ध्याला दुरुस्तीवाल्याकडे नेली तर त्यानं ती कानाजवळ धरली, दोन मिनिटं ऐकली आणि परत माझ्या हातात दिली.

"ताई, ही आता पाहुणी आहे. कामाचं तेवढं आधी काढून घ्या. सगळं निघेलच असं नाही."

"आधी काय काढू?"

"ते मी कसं सांगू? तुमचं तुम्हालाच माहीत."

नवीन डिस्क घेतली ती जुनीपेक्षा लहान होती. म्हणजे निवड करणं आलं. आमच्या धंद्यात एका लग्नाचे दोन भाग असतात. एक तयार फिल्म, गाणी लावून, रंग चढवून, पेनड्राइव्हमध्ये घालून घरच्यांना दिलेली. दुसरं कच्चं फुटेज, म्हणजे कॅमेऱ्यानं दिवसभर जे गिळलं ते सगळं. फिल्म लहान असते, कच्चं फुटेज अवाढव्य. जागा कमी पडली की पहिला बळी कच्च्याचाच. ते परत कोणी मागत नाही.

तरी मी काही लग्नांचं कच्चं ठेवायचं ठरवलं. कोणाचं, हे ठरवताना मी काय करते आहे ते माझ्या ध्यानात आलं नाही. नवऱ्याच्या आलं. तो पाठीमागे उभा राहून बघत होता. मी फोल्डर उघडायची, चेहरे बघायची आणि ज्या लग्नातलं कोणी नंतर वारलं असेल ते ठेवायच्या रांगेत टाकायची. कारण माणूस गेल्यावर लोक येतात. फ्रेमसाठी चांगला फोटो द्या म्हणतात, आवाज असेल तर बघा म्हणतात. ज्या घरचे सगळे धडधाकट, त्यांचं कच्चं मी सोडून देत होते.

"तू लग्नं निवडून राह्यली का मयती?" नवरा म्हणाला.

मी हसले. पण नंतर हात जरा जड झाला.

काम फार हळू चाललं होतं. डिस्क तापायची, अडायची. मी ती कूलरच्या तोंडाशी ठेवून एकेक लग्न काढत होते. एका लग्नाला सगळी दुपार जायची. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

अशाच एका दुपारी स्टुडिओच्या नंबरवर फोन आला. नवरा ऑर्डरीसाठी तळेगावला गेला होता, म्हणून मी उचलला. समोरचा माणूस फार गोड बोलत होता. चार वर्षांमागे आर्वी रोडवरच्या लॉनवर त्याच्या धाकट्या भावाचं लग्न झालं होतं, शूटिंग आमचं होतं, एवढी ओळख त्यानं दिली.

"त्याचं शूटिंग तुमच्यापाशी असन का अजून, वहिनी?"

"कॉपी पाहिजे का तुम्हाला?"

"नाई नाई. असंच इचारलं. एवढ्या दिवसाचं तुमी ठेवत नसान ना?"

"बघावं लागेल."

"पाहाचं काम नाई," तो म्हणाला. आवाज तसाच गोड होता. "असन तं काढून टाका. घरगुती मामला हाय."

इतक्या वर्षांत जुन्या लग्नाबद्दल जो कोणी फोन करतो तो ते सापडावं म्हणून करतो. सापडू नये म्हणून फोन करणारा मला हा पहिला भेटला. आणि आवाज ओळखीचा होता. आठवायला वेळ लागला नाही. फिल्म तयार होत असताना नवरदेवाचा हा मोठा भाऊ दोनदा येऊन माझ्यामागे खुर्ची टाकून बसला होता. घरात त्याचाच शब्द चालायचा. तो स्क्रीनकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "हे काढा. नवरी एवढी दात काढताना बरी नाई दिसत." तसं बरेच लोक सांगतात. आम्ही काढतो.

मी ते फोल्डर शोधलं. माझ्या हिशेबानं ते जाणाऱ्यांत होतं, कारण त्या लग्नातलं कोणी वारल्याचं माझ्या कानावर नव्हतं. आधी फिल्म उघडली. गाणी, फुलं, आणि मान खाली घातलेली एक मुलगी. संथ केलेल्या चित्रात ती पापण्या उचलते, पुन्हा खाली नेते. सगळ्या फिल्ममध्ये तिचा एक शब्द नाही.

मग कच्चं उघडलं. डिस्क टकटक करत राहिली आणि कितीतरी वेळानं चित्र आलं. बांगड्या भरण्याचा कार्यक्रम होता. कासारीण तिचा हात दाबते आहे आणि ही ओरडते आहे, हसते आहे, एकीकडे बोलतेच आहे. मावशीला सांगते आहे, की मोबाइल उभा नको, आडवा धर. लहान मुलांच्या शाळेत ती शिकवायची, तिथल्या मोठ्या बाईंची नक्कल करून दाखवते आहे. समोर बसलेल्या साऱ्या चुलतबहिणींना जन्माच्या क्रमानं हाका मारते आहे, मध्येच चुकते, जीभ चावते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मग तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं.

"भाऊ, हे काढून टाकजो हां. मायं तोंड पाह्य कसं दिसून राह्यलं!"

कॅमेऱ्यामागून माझ्या नवऱ्याचं हसू ऐकू येतं.

मी फोल्डर बंद केलं. काय काढून टाकायला सांगतो आहे हा माणूस, मला कळेना. त्यात काहीच नव्हतं. एक मुलगी होती.

बाजाराच्या दिवशी तो स्वतः आला. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा डबा. काउंटरवर डबा ठेवून त्यानं नवऱ्याला नमस्कार केला, पाणी मागितलं, पिताना त्याचे डोळे भिंतीवरच्या फळीवर फिरत होते. तिथं आमच्या डिस्का ठेवलेल्या असतात.

"आमचं लगन कोणत्या डब्यात हाय, भाऊ?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी दारात उभी होते.

"ती डिस्क बिघडली आहे," मी म्हणाले. ते अर्धं खरंच होतं. "उघडत नाही."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच गेलं.

"मंग मले द्या. नागपूरले आमच्या भाच्याचं दुकान हाय. सुधरवून आणतो."

"दुसऱ्या लोकाईचे लग्न हाय त्याच्यात," नवरा म्हणाला. "कशी देऊ?"

"बरं बरं. राहू द्या." तो उठला. दारापाशी थांबून चपला घालता घालता म्हणाला, "येतो मी परत."

मिठाईचा डबा आम्ही उघडला नाही. नवरा म्हणत होता, काही नसेल, भाऊबंदकीचं काही असेल. पण संध्याकाळी शटर ओढल्यावर त्यानं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवरीचे वडील आले. आष्टीपासून आत एका गावात ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता रिटायर झालेले. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. लग्नाच्या वेळी ताठ होते. आता खुर्चीवर बसले ते टोकाला, कधीही उठावं लागेल अशा बेतानं.

"ताई, शूटिंग हाय का? पूर्ण? पेनड्राइव्हमधलं नाई म्हणत मी. ते हाय माझ्याजवळ."

मी विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. मी ते इथं सरळ लावून लिहिते आहे.

लग्नानंतर पहिलं वर्ष ठीक गेलं. मग फोन केला की मोठा दीरच उचलायचा. ती झोपली आहे, ती मंदिरात गेली आहे, तिचा फोन बिघडला आहे. दोन दिवाळ्या ती माहेरी आली नाही. गुरुजी स्वतः गेले तर बैठकीत चहा मिळाला, मुलगी पडद्याआडून "बरी हाय बाबा" म्हणाली आणि आत गेली. गेल्या पौषात एका सकाळी त्यांच्या दारापुढे गाडी थांबली. दिरानं बॅग खाली ठेवली, तिला उतरवलं आणि गाडी निघून गेली. केस कापलेले होते. अंगात नुसती हाडं. ती बोलत नव्हती. आता भिंतीला पाठ लावून जेवते. दार वाजलं की ताट सोडून न्हाणीत जाऊन उभी राहते.

"तिथं काय झालं?" मी विचारलं.

"ते तिलेच माहीत. पोरगी बोलत नाई."

आणि सासरच्यांनी कोर्टात लग्न रद्द करायचा अर्ज दिला होता. मुलगी लग्नाआधीपासूनच डोक्यानं बरोबर नव्हती, बापानं ते लपवून लग्न लावून दिलं, असं त्यात होतं. पुरावा म्हणून त्यांनी आमची फिल्म जोडली होती. बघा, पूर्ण लग्नात मुलगी मान वर करत नाही. एक शब्द बोलत नाही. हसत नाही.

ती फिल्म मी केली होती. याच खुर्चीवर बसून.

"मी समझोत्याच्या बैठकीत बोलून गेलो," गुरुजी म्हणाले, "का शूटिंगवाल्याजवळ सारं असन, ते पाहा म्हणून. बोलाले नाई पाह्यजे होतं. तथून त्यायले समजलं."

मी त्यांना आत नेलं आणि बांगड्यांचं चित्र लावायला गेले. डिस्क नुसतीच वाजत राहिली. फोल्डर दिसेना. गुरुजी माझ्यामागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी त्यांना सांगितलं, उद्या बघते, थंड होऊ द्या. त्यांनी हात जोडले. ते मला बघवलं नाही.

त्या दिवसापासून रांगेचा प्रश्न उरला नाही. ज्या लग्नांतली माणसं गेली होती ती सगळी थांबली आणि ही जिवंत मुलगी पहिली आली.

दुसऱ्या दिवशी डिस्क रात्रभर गार झालेली होती. सकाळी फोल्डर उघडलं. मी पहिल्या क्लिपपासून सुरुवात केली, डिस्क कॉम्प्युटरला लावून तिथून वायरनं बाजूच्या लॅपटॉपवर घेत गेले. हिरवी पट्टी थोडी सरकायची, थांबायची. कॅमेरा फाइलींना नावं देत नाही, नुसते आकडे देतो, तेवढेच आकडे स्क्रीनवर सरकत होते. हळद निघाली. बांगड्या निघाल्या. बांगड्या निघाल्या तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं. दुपारी जेवण तिथंच घेतलं. लग्नाच्या दिवशीच्या सकाळचं चालू झालं होतं आणि लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला. पाच-दहा मिनिटांत लाइट आली, पट्टी पुन्हा सरकली.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. "या, या. बसा ना, बसा. आत कामं सुरू हाय."

मला सावध करायला तो तसा बोलला हे मला कळलं. पण करणार काय? लॅपटॉप बंद केला असता तर कॉपी तुटली असती. मी तशीच बसून राहिले. बाहेर खुर्ची सरकली नाही. पावलं आत आली. आमच्या मागच्या खोलीत गिऱ्हाईक येत नाही. तो आला. उंबऱ्यात चपला काढून आला.

"वहिनी, कामात हाय का?"

"हो."

"काय चालू हाय?"

"एकाचं साक्षगंध आहे. आज द्यायचं आहे."

तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत राहिला. आकडे सरकत होते. डिस्कनं टक केलं. मग पुन्हा टक. त्यानं मान तिकडे वळवली.

"हाच का तो बिघडलेला डबा?"

मला खोटं सुचलं नाही. "हो," मी म्हणाले.

"आवाज तं लई करून राह्यला."

त्यानं वाकून डिस्क उचलली, वायर हलकेच ओढून काढली, एखादा प्लग काढावा तशी. स्क्रीनवर पट्टी थांबली. नवरा त्याच्यामागे दारात आला होता. त्याच्याही मागे, पुढच्या खोलीच्या पायरीवर, आणखी एक माणूस उभा होता, रस्त्याकडे पाठ करून. तो आत आला नाही आणि त्याच्यामुळे दुसरं कोणी आत आलं नसतं.

"भाऊ, ठेवा ते खाली," नवरा म्हणाला. "लोकाईचे लग्न हाय म्हटलं ना."

"म्हणूनच तं सुधरवून आणतो." त्यानं डिस्क रुमालात गुंडाळली. "लोकाईचं नुकसान नाई झालं पाह्यजे."

नवऱ्यानं एक हात चौकटीवर ठेवला. मी त्याला कधी कोणाशी भांडताना पाहिलेला नाही. पण तो हात निघत नव्हता. तो गृहस्थ त्या हाताकडे बघून हसला. चांगला हसला, एखाद्या लहान मुलाच्या हट्टाला हसावं तसा.

"नेऊ द्या," मी म्हणाले.

पुढं ज्यांना ज्यांना हे कळलं ते म्हणाले, तुम्ही हुशारी केली, कामाचं काढून घेतलं आणि डबा देऊन टाकला. हुशारी वगैरे काही नव्हती. मी घाबरले होते. बाजूच्या घरात आमची मुलगी शिकवणीला गेली होती आणि तिची यायची वेळ झाली होती. त्या पायरीवरच्या माणसाच्या अंगावरून ती आत आली असती. मला फक्त ते दोघं जायला हवे होते.

जाताना त्यानं चपला नीट जोडून घातल्या. "कॉम्प्युटरात काही राह्यलं नसन ना, वहिनी?"

"तुमच्यासमोरच तर आहे," मी म्हणाले.

त्यानं एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं. बाजूच्या लॅपटॉपकडे पाहिलं नाही. ते का, मला आजही कळत नाही. कदाचित मी त्यावर ओढणी टाकली होती म्हणून. कधी टाकली ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी लॅपटॉप घेऊन बोरगाव मेघेला माझ्या भावाकडे गेले. तिथं बसून काय काय आलं आहे ते पाहिलं. हळद, बांगड्या, मेंदी, लग्नाच्या सकाळचा थोडा भाग. शेवटची क्लिप तुटलेली होती, मध्येच चित्राचे चौकोन होऊन थांबायची. मंगलाष्टकं नाहीत, जेवण नाही, बिदाई नाही. भावाच्या घरी मी दोन प्रती करून ठेवल्या आणि घरी आल्यावर नवऱ्याखेरीज कोणाला सांगितलं नाही.

पोलिसात जावं का, यावर आम्ही दोघं बरेच दिवस बोललो. नवऱ्याचं म्हणणं, काय सांगणार? बिघडलेला डबा दुरुस्त करायला नेला म्हणून? शेवटी गुरुजींच्या वकिलानं आमची जबानी घेतली आणि चित्रांची प्रत घेतली. नवीन डिस्कवर आधी उतरली होती तेवढी राहिली, बाकीची लग्नं गेली ती गेलीच. अजूनही लोक येतात. एक बाई आली होती, नवरा वारला म्हणाली, दिराच्या लग्नात तो नाचला होता, तेवढं असेल का. ते लग्न मी ठेवायच्या रांगेत टाकलं होतं, पण त्याची पाळी आली नव्हती. मी तिला नाही म्हणून सांगितलं. का नाही, ते सांगता आलं नाही.

गुरुजी मुलीला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवत होते. तिथल्या डॉक्टर बाईंनी गुरुजींना विचारलं होतं, की आधी कशी होती ती? गुरुजी सांगायचे, त्या लिहून घ्यायच्या. पण गुरुजींना वाटायचं, बापाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार. त्यांना लॅपटॉप चालवता येत नाही, म्हणून ती चित्रं दाखवायला एके दिवशी मी सोबत गेले. भावाच्या घरून प्रत घेऊन मी बोरगावहून गेले, ते गावाहून मुलीला घेऊन आले.

बाकावर ती बसली होती. मी तिला ओळखलं नाही. तासन् तास जो चेहरा बघून मी त्यातलं हसू कापलं होतं, तो समोर असून मला ओळखता आला नाही. मी "कशी आहेस?" म्हटलं. तिनं माझ्या चपलांकडे पाहिलं.

आत डॉक्टर बाईंनी दार लावून घेतलं. वयानं लहानच होत्या. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि बांगड्यांची क्लिप लावली. खोलीत एकदम ते सगळं भरलं. कासारणीचा आवाज, चुलतबहिणींची नावं, ती मोठी मोकळी हाक. डॉक्टर बाई बघत राहिल्या. जराशानं त्यांनी मला हळूच विचारलं, "ही कोण?"

"हीच," मी म्हणाले.

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग बाजूला बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

मुलगी आधी बघत नव्हती. नंतर बघायला लागली. ओठ थोडे हलले. गुरुजी खुर्चीतून पुढं वाकले. नक्कल सुरू झाली तेव्हा तिनं एकदम हात पुढं करून लॅपटॉपचं झाकण धरलं.

"बंद करा ताई," ती म्हणाली. "त्यायले माहीत पडन."

किती महिन्यांनी ती बोलली होती. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बोलली, बोलली, असं ते मला हलवून सांगत होते. डॉक्टर बाईंना मात्र आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि विचारलं, "कोणाला माहीत पडेल?"

ती दाराकडे बघत होती. दार बंद होतं. बाहेर पेशंटांची गर्दी होती, कोणीतरी नंबर पुकारत होतं. ती तशीच दाराकडे बघत राहिली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

आता ती पूर्वीपेक्षा बरी आहे, असं गुरुजी सांगतात. आईशी थोडं बोलते. कणीक मळून देते. सासरबद्दल विचारलं की उठून जाते. केस चालू आहे, तारखा पडतात. तो गृहस्थ कधी बाजारात भेटतो. नवऱ्याला हात दाखवून म्हणतो, "भाऊ, तुमचा डबा काई सुधरला नाई."

गेल्या महिन्यात स्टुडिओच्या नंबरवर पुलगावकडच्या एका माणसाचा फोन आला. त्याच्या मुलीसाठी स्थळ सांगून आलं होतं, गुरुजींच्याच जावयाचं. मुलाचं पहिलं लग्न झालेलं, पण पहिली वेडी निघाली, कोर्टातून लवकरच मोकळा होतो आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. कोणीतरी त्याला म्हणालं होतं, की त्या लग्नाचं शूटिंग आमचं होतं.

"तुमी तं दिवसभर पाह्यलं असन तिले," तो म्हणाला. "खरंच तशी होती का हो?"

मी त्याला फोनवर काही सांगितलं नाही. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "दाखवा ताई. दाखवाच. मी पण येतो." मी त्या माणसाला बोलावलं, बायकोला घेऊन या म्हटलं. तो हो म्हणाला. ठरल्या दिवशी गुरुजी सकाळपासून आमच्या काउंटरमागे बसून होते. दुपार झाली, कोणी आलं नाही. नवऱ्यानं फोन लावला तर उचलला नाही. संध्याकाळी एका बाईनं उचलला आणि म्हणाली, आमचं ठरलं आता, तुम्ही फोन करू नका.

गुरुजींनी माझ्याकडून ती क्लिप आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतली आणि कोणालाही न सांगता ते बसनं त्या माणसाच्या घरी गेले. परत आल्यावर आमच्याकडे थांबले. त्या लोकांनी त्यांना बसवून घेतलं होतं, सगळं ऐकून घेतलं होतं. बाप म्हणाला, तुमची मुलगी तुम्हाला चांगलीच दिसणार.

"क्लिप दाखवली का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाई दाखवली." गुरुजी पाण्याचा पेला हातात धरून बसले होते. "काढला होता मोबाइल. तेवढ्यात पोरगी चहा घेऊन आली. कॉलेजात जाते म्हणे, दुसऱ्या वर्षाले. तथंच उभी राह्यली बापाच्या खुर्चीमागं. मले इचारलं तिनं, काका, साखर बरोबर हाय का. तिच्यासमोर मले लावताच नाई आलं."

कोर्टाची पुढची तारीख दिवाळीच्या आधीची आहे. तिथं निकाल सासरच्यांच्या मनासारखा लागला, तर दिवाळीनंतर हे दुसरं लग्न. वर्ध्याचा फोटोग्राफर ठरला आहे, असं ऐकलं.